टायकाग्रेलॉर आणि क्लोपिडोग्रेल: बाबांचे अकरा महिने

बाबा ७६ वर्षांचे, वजन जेमतेम ५४ किलो. गेल्या मार्चमध्ये हार्ट अटॅक आला, एक स्टेंट घातला. फोंड्याला घरी सोडताना ॲस्पिरिन ७५ आणि टायकाग्रेलॉर ९० लिहून दिली, दोन्ही रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. टायकाग्रेलॉर सकाळ-संध्याकाळ, संध्याकाळची बाबा हमखास विसरायचे.

पहिल्याच आठवड्यात ते रात्री उठून बसू लागले. "दम पुरत नाही गो." हृदय पुन्हा बिघडलं या भीतीने दोनदा इस्पितळात धावलो. इको ठीक, ऑक्सिजन ठीक. दम गोळीमुळे लागत होता! २००९च्या प्लेटो नावाच्या औषध-चाचणीत टायकाग्रेलॉर घेणाऱ्यांपैकी जवळजवळ १४ टक्क्यांना दम लागला होता, त्याच कामाच्या क्लोपिडोग्रेल या गोळीवर सुमारे ८ टक्क्यांना. घरी सोडताना हे एका वाक्यात सांगितलं असतं तर त्या दोन रात्री टळल्या असत्या. याचा राग मला अजून आहे.

मग रक्त. हिरड्या, दाढी करताना झालेली कापं, हातांवर काळेनिळे डाग. जूनमध्ये नाकातून अर्धा तास रक्त थांबेना. जुलैत डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल ७५ वर आणलं, दिवसातून एकदा. याच कामाची तिसरी गोळी, प्रासुग्रेल, तिचंही मी विचारलं होतं. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना आणि साठ किलोच्या आतल्यांना ती सहसा देत नाहीत. नेदरलँड्समध्ये सत्तरीपुढच्या १००२ रुग्णांवर चाचणी झाली होती, अटॅक बाबांसारखाच, ईसीजीच्या आलेखातला एसटी नावाचा भाग वर न चढलेला. वर्षभरात रक्तस्राव क्लोपिडोग्रेलवर १८ टक्क्यांना, टायकाग्रेलॉरवर २४ टक्क्यांना. एकूण लाभात क्लोपिडोग्रेल मागे पडली नाही.

चार-पाच दिवसांत बाबा सलग झोपू लागले. चवथीला गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी त्यांनीच बांधली. स्टूल मी घट्ट धरून उभी होते.

क्लोपिडोग्रेलची एक धास्ती आहेच. यकृतात बदल झाल्यावरच ती काम करते आणि काहींच्या शरीरात तो बदल नीट होत नाही. ओमेप्राझोलनेही तिचा जोर कमी होतो. आम्ही ॲसिडिटीसाठी तीच गोळी फार्मसीतून आणत होतो. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल दिली.

नोव्हेंबरमध्ये दाढ काढायची होती. "पाच दिवस गोळ्या बंद ठेव," असं शेजारी म्हणाले. डॉक्टरांनी साफ नकार दिला, कारण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीवावर बेतेल. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू ठेवूनच दाढ काढली आणि बराच वेळ कापूस दाबून बसवलं. मार्चमध्ये वर्ष भरतंय. दोनातली कुठली बंद करायची, हे तेव्हा ठरेल.