सेरामाइड क्रीम की पेट्रोलियम जेली?

आंघोळीनंतर पोटऱ्या पांढुरक्या दिसतात, त्वचा ताणल्यासारखी होते, साबण लागला की चरचरते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ बहुधा या दोहोंपैकी एक सुचवतात. त्याआधी कढत पाणी आणि नेहमीचा साबण बंद करायला सांगतात. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, साबणाचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी; त्याने त्वचा बिघडते. रोजचं हे नुकसान थांबलं नाही, तर वरून काहीही लावा, फरक जेमतेमच पडतो.

कागदावर क्रीमचं पारडं जड आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या फटी बुजवणाऱ्या स्निग्ध पदार्थांत वजनाने साधारण निम्मे सेरामाइड असतात, पाव कोलेस्टेरॉल, आणि त्याहून थोडी कमी मुक्त फॅटी अ‍ॅसिड. क्रीम याच पदार्थांची भर घालतं, सोबतचं ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. मात्र डबीवर नुसतं ‘सेरामाइड’ लिहिलेलं पाहून घेऊ नये. कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिडही यादीत असतील तर उत्तम, कारण हे तिन्ही योग्य प्रमाणात मिळाले की त्वचेचं हे वरचं कवच लवकर भरून येतं.

जेलीकडे यातलं काहीच नाही. त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवणं हे तिचं काम, आणि त्यात वनस्पती तेलं तिच्या जवळपासही येत नाहीत. जेलीने त्वचा गुदमरते, आतली दुरुस्ती थांबते, असं अजूनही ऐकू येतं. त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्येच दाखवलं होतं की ती वरच्या थरातल्या पेशींच्या मधल्या जागांत शिरते आणि दुरुस्ती चालूच राहते.

इथवर दोन्ही तुल्यबळ म्हणता येतील. माझ्यापुरता निर्णय झाला तो झोंबण्यावरून. क्रीममध्ये पाणी असतं, म्हणून ते खराब होऊ न देणारे प्रिझर्व्हेटिव्ह लागतात; अनेकांत प्रोपिलीन ग्लायकॉल, युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडही असतं. धडधाकट त्वचेवर यांचा त्रास सहसा जाणवत नाही. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, की तेच क्रीम असं झोंबतं की पुढच्या वेळी डबी उघडायला हात धजत नाही. म्हणजे त्वचेला सर्वाधिक गरज असते नेमकं तेव्हाच लावणं चुकतं. शुद्ध जेलीत पाणी नाही, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हची गरज नाही. सुगंध नसलेली घेतली तर झोंबण्यासारखं जवळजवळ काही उरत नाही. काहींना क्रीम अजिबात झोंबत नाही, त्यांच्यासाठी हा मुद्दा बाद.

जेलीविरुद्धची मोठी तक्रार चिकटपणाची. ती खरी आहे, पण बरीचशी प्रमाणाची चूक असते. कोरड्या त्वचेवर जाड थर दिला की चिकटणारच. आंघोळीनंतर अंग टिपून घ्यावं, खसाखसा पुसू नये, आणि त्वचा दमट असतानाच, साधारण तीन मिनिटांत, जेली तळव्यांवर चोळून पातळ पसरावी. दोन्ही हातांच्या पाठींना वाटाण्याएवढी पुरते. क्रीमला जास्त लागतं: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ओढलेली रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या भागाला.

तरीही काही ठिकाणी जेली नकोच. दमट उकाड्यात घामोळं वाढतं. दाट केसांच्या भागावर मुळाशी पुळ्या येऊ शकतात; तिथे केसांच्या दिशेने हलक्या हाताने क्रीम लावावं. लॅटेक्सचे हातमोजे जेलीने खराब होतात. दिवसा चेहऱ्यावर सनस्क्रीन लावायचं असेल, तर खाली जेली असल्यास ते सरकतं, नीट बसत नाही. हे सगळं क्रीमचं क्षेत्र. आणि एक इशारा दोन्हींसाठी: कपड्यांत, चादरीत मुरलेला स्निग्धांश चटकन पेट घेतो, त्यामुळे विस्तव आणि सिगारेट लांब ठेवावी.

दोन्ही घेणं शक्य असेल तर दिवसा क्रीम, रात्री भेगांवर जेली. एकच घ्यायचं आणि त्वचा आधीच फाटलेली असेल, तर मी जेलीच सुचवेन. भेगा मिटल्यावर हवं तर क्रीमकडे वळता येतं. रस येऊ लागला, पिवळसर खपली धरली किंवा लाली पसरत गेली, तर हा प्रश्न मॉइश्चरायझरचा राहिलेला नाही. तेव्हा डॉक्टरांनाच दाखवावं.