धोबीतलावचं खेळाच्या सामानाचं दुकान: वस्तीतल्या संघाने जावं का?

मानखुर्दला आम्ही मुलींना फुटबॉल आणि कबड्डी शिकवतो. फी नाही, म्हणजे सगळं सामान देणगीतून. मुंबईत धोबीतलावला मेट्रो थिएटरजवळ खेळाच्या दुकानांची रांग आहे, त्यातल्या एका अरुंद, माळा असलेल्या दुकानाबद्दल लिहिते. हे सगळ्यात स्वस्त नाही, तरी आमची खरेदी इथेच होते.

कारण बूट. चेंडू एक आणला की सगळ्याजणी खेळतात, बूट मात्र जिचे तिलाच. त्यात पोरींचे पाय वाढतात, एक हंगाम गेला की बोट पुढे टेकलंच. कबड्डी मातीवर होती तोवर अनवाणी निभायचं, आता मॅटवरच्या स्पर्धांना बूट हवेतच. ऑनलाइन दोनशे रुपये वाचतात, पण नंबर चुकला की परत पाठवायला वस्तीत कुरियरवाला येईलच असं नाही. इथले शेठ म्हणतात, "ताई, पाच आणि सहा दोन्ही नंबर घेऊन जा, बसेल ते ठेवा, दुसरे आणून द्या." जोड मळलेला नसला की बस. ही एक सवलत माझ्या लेखी कुठल्याही डिस्काउंटपेक्षा मोठी.

चेंडूंचं ज्ञानही दांडगं. कपाटातला चकचकीत, शिलाईचा चेंडू मी मागितला तर आधी विचारलं, मैदान कसलं? खडी-सिमेंटचं म्हटल्यावर तो चेंडू परत वर गेला आणि रबर मोल्डेड चेंडू खाली आला, पाचशेच्या आतला. शिलाई सिमेंटवर उसवते, याला शिलाईच नाही. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचाच द्या, असंही बजावलं. मग पंपाची पिन जिभेवर ओली करून व्हॉल्व्हमध्ये सरळ घातली आणि माझ्याबरोबरच्या दोघींना तेच करायला लावलं. कोरडी पिन तिरकी खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो, आमचे निम्मे चेंडू त्यानेच गेले होते. (थुंकी नको असेल तर पाणी चालतं.)

आता कुरकुर. जर्सीवर नंबर छापून द्यायला 'परवा' म्हणतात, तो परवा कधी उजाडेल सांगता येत नाही. स्पर्धेच्या आठवड्यात यांच्या भरवशावर राहू नका. दुसरं, मागितल्याशिवाय पक्कं बिल निघत नाही, आणि आमच्या देणगीदारांना जीएसटी नंबराचं बिल लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या बुटांवर ५ टक्केच कर आहे, तेव्हा बिलावर तेवढाच लावलाय ना, हेही बघून घ्या. मुलींसाठी वेगळे शॉर्ट्स नाहीत, मुलांचेच लहान साइज काढून देतात. कंबर सैल, नाडी ओढून बांधा.

उधारीही देतात, पण ओळख झाल्यावर, आणि वहीत सही घेऊन.

पाचपैकी चार. हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरून आझाद मैदानाच्या कडेने चालत जा, टॅक्सीचे पैसे वाचतील. दुपारी बाराच्या आत पोचा, नंतर ऑफिसच्या टीमवाले येतात आणि शेठना मान वर करायला वेळ नसतो. मुलींना सोबत न्या, आणि मोजे घालूनच न्या. मोज्यांशिवाय बूट घालून बघू देत नाहीत.