देवबाग की हर्णै? सोलापूरहून समुद्राला निघण्याआधी

सोलापुरात "समुद्राला जाऊ" असं कुणी म्हटलं की घरातला पहिला प्रश्न "किती लांब?" हाच. आणि उत्तर कुठल्याही बाजूनं धरा, साडेतीनशे-चारशे किलोमीटरच्या खाली येत नाही. पुण्या-कोल्हापूरचे लोक शनिवारी उठून कोकणात उतरतात, आवडलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातात. आपलं तसं नाही. जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात, त्यामुळे गाव चुकलं तर वर्षाची सुट्टी चुकली.

मासेमारीच्या गावात कौलारू खोली घेऊन राहायचं, या हट्टापायी आम्ही दोन गावं केली. एक मालवणच्या खालचं देवबाग, दुसरं दापोली तालुक्यातलं हर्णै. फोटोंत दोन्ही सारखीच दिसतात, तेच माड, तोच झोपाळा, तीच संध्याकाळ. प्रत्यक्षात फार वेगळी आहेत. समुद्रात उतरायचं असेल तर देवबाग आणि मासेमारी बघायची असेल तर हर्णै, असं मी सरळ सांगते. पण निर्णय एवढ्यावर होत नाही, तो होतो गाडीत कोण कोण बसणार आहे त्यावर.

आधी रस्ता. देवबागला आम्ही मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठलं, तिथून राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण. साधारण चारशे किलोमीटर. कोल्हापूरपर्यंत रस्ता छान आहे, खरा वेळ जातो तो त्यापुढे. पहाटे पाचला निघालो, जेवण कोल्हापुरात केलं, दिवस मावळायच्या आत पोहोचलो. गगनबावड्याकडून करूळ घाटानंही जाता येतं, पण कोकणातले घाट दुरुस्तीसाठी कधी बंद असतील याचा नेम नाही. आदल्या दिवशी घरमालकांनाच फोन करून विचारा, नकाशापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

हर्णैला पुण्यावरून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मंडणगड, दापोली असं गेलो. साडेचारशेच्या आसपास पडतं. पुण्यात अडकलात तर दोन तास जास्त धरा. लहान मुलं असतील तर पुण्यात कुणा नातेवाइकाकडे मुक्काम टाकावा, मग हा रस्ता सोपा होतो. रेल्वेचं म्हणाल तर सोलापूरहून कोकण रेल्वेला जायचं म्हणजे आधी कल्याण-पनवेलपर्यंत वर चढायचं आणि मग तेवढंच खाली उतरायचं. मी त्या भानगडीत पडले नाही. एसटीनं कोल्हापूर आणि तिथून मालवण हे जमण्यासारखं आहे.

एक सावधगिरी. हर्णैजवळ राहायचं तर लोक बहुतेक मुरुडला खोली घेतात. आपल्याकडे मुरुड म्हटलं की बार्शीच्या पुढचं, लातूर रस्त्यावरचं मुरुड आठवतं. रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याचं मुरुड आहे ते आणखी वेगळं. तुम्हाला हवंय ते दापोलीचं, महर्षी कर्व्यांचं मुरुड. बुकिंग करताना तालुका विचारून घ्या, हसू नका.

आता देवबाग. हे गाव म्हणजे वाळूची एक लांबलचक पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे घरं आणि माड. सकाळी चहाचा कप घेऊन खाडीच्या बाजूला सूर्य उगवताना बघायचा आणि संध्याकाळी चार पावलं चालून समुद्राच्या बाजूला तोच बुडताना बघायचा. उजनीचं पाणी बघून मोठे झालेल्या आमच्या पोरांना दोन्हीकडे पाणी ही कल्पनाच पटेना. स्कूबा, डॉल्फिन बघायला होडी, संगमाजवळचा वाळूचा दांडा, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला, असं सगळं हाताशी आहे. संगमाजवळ मात्र पोहायला उतरू नका, तिथली ओढ वरून दिसत नाही.

पण देवबागात आठवणीत राहिली ती रापण. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग तीस-चाळीस माणसं दोन रांगांत उभी राहून ते तासभर ओढतात. म्हातारे, बायका, शाळेतली पोरं, सगळी. आमच्या धाकट्यानं दोराला हात लावला तेव्हा कुणी हटकलं नाही, उलट मागच्या काकांनी टाच वाळूत कशी रोवायची ते दाखवलं. जाळं वर आलं तेव्हा त्यात होते पेडवे, थोडे बांगडे आणि ढीगभर जेलीफिश. ज्यानं ओढलं त्याला वाटा, हा रापणीचा नियम. आमच्याही पिशवीत ओंजळभर पेडवे पडले, ते रात्री तळून मिळाले. रापण रोज लागत नाही आणि तिची वेळ कुणी फोनवर सांगत नाही. नशिबावर सोडायची गोष्ट आहे.

देवबागची खोड म्हणजे किनाऱ्याची धूप. काही ठिकाणी समुद्र आत येऊ नये म्हणून दगडांचे बंधारे घातलेत. पहिल्या खेपेला 'अगदी समुद्राला लागून' म्हणून आम्ही पैसे भरले. समुद्र होताच, पण खोली आणि पाणी यांच्या मधे काळ्या दगडांची रास. मुलांना वाळूसाठी रोज चालत पुढे न्यावं लागलं. म्हणून फोनवर नेमकं विचारा, समोर वाळूची पुळण आहे की बंधारा?

हर्णैत उलट आहे. तिथं तुम्ही पाहुणे आहात याचं कुणाला काही पडलेलं नसतं, आणि मला नेमकं तेच आवडलं. दुपारी चारनंतर बंदरावर जा. होड्या बाहेर नांगरलेल्या, माल काठावर येतोय, पाण्यात पोटापर्यंत शिरलेल्या बैलगाड्या, बर्फाचा चुरा, ओल्या वाळूवर मासळीचे ढीग आणि त्याभोवती लिलावाचा गलका. बोली इतकी झरझर चालते की पहिला अर्धा तास मला आकडाच कळला नाही. आपल्याकडे मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव बघितला असेल तर ताल ओळखीचा वाटेल, फक्त पायाखाली चिखलाऐवजी खवले. लिलावात किलो-दोन किलोला कुणी विचारत नाही. अख्खा ढीग घेऊन बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्यायचं. मी सुरमई विचारली तर एक मावशी म्हणाल्या, "ताई, आधी कल्ले बघा, मग भाव करा." बघितले. लालभडक होते. उजनीची चिलापी घेताना मी इतकी वर्षं कल्ले न बघताच घेत होते.

वासाचं आधीच सांगते. बंदरालगत सुकत घातलेली मासळी असते आणि सवय नसलेल्याला तो वास पहिल्या दिवशी झेपत नाही. म्हणून झोपायला मुरुड किंवा आंजर्ले आणि संध्याकाळी हर्णै, ही सोय उत्तम. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. तिथल्या आणि मंडणगडच्या वेळासच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. ते पहाटे किंवा संध्याकाळी, आणि पिल्लं बाहेर आली तरच.

किल्ल्यांवरून निवड करू नका. सिंधुदुर्ग आणि हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग हे दोन्ही 2025 साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी आहेत. सिंधुदुर्गावर आत वस्ती आहे, होड्यांची ये-जा चालू असते. सुवर्णदुर्ग ओसाड, तटबंदी मात्र अजून ताठ.

आता जेवण, आणि आमच्या घरात गाडी अडली ती इथंच. सासूबाई माळकरी. देवबागात मालकीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आजी, तुमका येगळो टोप काढून ठेवलंय." खरोखरच ठेवला होता. तरी एकाच स्वयंपाकघरात बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण रटरटत होतं, तेव्हा सासूबाई दोन दिवस सोबत नेलेल्या कडक भाकरीवर आणि शेंगाचटणीवर राहिल्या. तिसऱ्या दिवशी तेही संपलं, कारण समुद्राच्या दमट हवेत कडक भाकरी कडक राहतच नाही. डबा उघडला तर भाकरी चामड्यासारखी लवत होती.

मुरुडात बरीच घरं शुद्ध शाकाहारी आहेत. उकडीचे मोदक, आमटी, सोलकढी, आणि सासूबाई खूश. पण त्या घरांत मासा आणलेला चालत नाही, शिजवणं तर लांबच. आम्ही बाकीचे हर्णैला जाऊन खाऊन येत होतो. घरात एकही माळकरी, लिंगायत किंवा श्रावण पाळणारं माणूस असेल तर मुरुड-हर्णै ही जोडी देवबागपेक्षा सोपी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सगळेच खाणारे असाल तर देवबागच्या घरगुती जेवणाला तोड नाही.

कधी जायचं? सोलापूरकर मे महिन्यात पळायला बघतात आणि फसतात. आपल्याकडे पारा 42-43 वर असला तरी हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो. तिकडे पारा दहा अंशांनी कमी आणि अंगातून घामाच्या धारा. हवेतच पाणी भरलेलं असल्यामुळे कूलर तिथं निरुपयोगी, मे महिन्यात एसी नसलेली खोली घेऊ नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा दोन्ही गावांत ताजी मासळी जवळजवळ नाही आणि होड्या, स्कूबाही बंद. नारळी पौर्णिमेनंतर दर्यात होड्या उतरतात तेव्हा आपल्या घरी श्रावण चालू असतो. दिवाळी आणि 31 डिसेंबरला भाडं वाटेल ते असतं. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, तेही सोमवार ते गुरुवार, हा सगळ्यात चांगला काळ. तीन रात्री हव्यातच, दोन रात्रींत फक्त पाठ दुखते.

दोन्हीकडे उपयोगी पडणारा एक हिशेब तिथल्या लोकांकडून शिकले. दिनदर्शिकेतली तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, ती ढोबळमानानं भरतीची वेळ. पंचमी असेल तर पावणेचार. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हे मुरुडला जाण्याआधी माहीत असतं तर आम्ही गाडी वाळूत नेली नसती. ओहोटीला रस्त्यासारखी घट्ट वाटणारी ती पुळण भरती चढायला लागली तशी चाकाखाली भुसभुशीत झाली, आणि ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढेपर्यंत पाणी मागच्या चाकांना लागलं होतं. घरी आल्यावर खालून गोड्या पाण्यानं दोनदा धुतली, तरी सायलेन्सरला गंज धरलाच.

मासे सोलापूरला आणायचे असतील तर थर्माकोलचा डबा आणि बंदरावरचाच बर्फ घ्या, सुरमईच्या तुकड्या दहा तास आरामात टिकतात. सुके बोंबील मात्र माळकरी माणूस गाडीत असताना डिकीत ठेवू नका. ताम्हिणीपासून टेंभुर्णीपर्यंत सासूबाईंनी खिडकी उघडी ठेवली आणि माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.