नाशिकहून हॉलंड शेती टूर: साडेतीन स्टार, त्यातले दोन त्या आटवलेल्या तळ्याचे

द्राक्षांची खरड छाटणी उरकली अन् आम्ही निफाड-पिंपळगावकडचे अकरा जण नाशिकच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून हॉलंडला जाऊन आलो. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. हॉटेल ठीक, जेवण बरं, पण ट्युलिपच्या बागेत अख्खा दिवस अन् जिथे शेतकऱ्याने खरं जायला पाहिजे तिथे जेमतेम पाऊण तास, हे काही पटलं नाही.

ती जागा म्हणजे हार्लेमरमेअर. आधी तिथे जवळपास ४५,००० एकरांचं तळं होतं, वारा सुटला की लाटा काठ खायच्या आणि तळं वाढतच जायचं. १८३६ ला दोन वादळं आली, एकात पाणी ॲम्स्टरडॅमच्या वेशीशी, दुसऱ्यात लायडनपर्यंत, तेव्हा कुठे सरकार हललं (सगळीकडे सारखंच). खरं तर लीगवॉटर नावाच्या माणसाने १६४१ लाच सांगितलं होतं की १६० पवनचक्क्या लावून हे तळं उपसा. शेवटी १८४० पासून भोवती साधारण ६० किलोमीटरचा कालवा खणला, बांध घातला आणि वाफेवरची तीन पंपिंग स्टेशनं लावून १८४९ ते १८५२ सगळं पाणी त्या कालव्यात फेकलं.

त्यातलं क्रुक्वियसचं स्टेशन आता म्युझियम आहे. सिलिंडर १४४ इंची, म्हणजे बारा फूट रुंद! भिंतीतून बाहेर आलेले लोखंडी दांडे, त्यांना आठ पंप, एका हिसक्याला ६४,००० लिटर पाणी. आता वाफ नाही, हायड्रॉलिकवर हलवून दाखवतात, तरी साडेसात एचपीच्या मोटरवर बाग भिजवणारा मी गप्पच झालो.

बाहेर बांधावर आलो तर कालव्यातून बोट चाललेली आणि वावरं तिच्या खाली बारा-तेरा फूट. आमचे नाना बराच वेळ बघत राहिले, मग म्हणे, "पंप चालूच ठेवावा लागत असंल ना रे? अन् लाईट गेली म्हंजे?" आपल्याकडे नांदूरमध्यमेश्वरला बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ झाली, २०२० ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेली, इथे उलटं, पाणी हाकलून गहू पिकवला. तोही लगेच नाही, पहिल्या लोकांचे फार हाल झाले, चिखल, मलेरिया, कॉलरा, कित्येक जण कफल्लक झाले. टूर मॅनेजरने एवढं सगळं दोन वाक्यात उरकलं, मी पाट्या वाचत मागे राहिलो म्हणून कळलं, त्यात बस माझ्यासाठी थांबली अन् बोलणी खाल्ली ती वेगळीच.

येताना स्किपोल एअरपोर्टवर समजलं की तोही त्याच तळ्याच्या तळात आहे, समुद्रापेक्षा तीनेक मीटर खाली. म्हणजे आम्ही पहिल्या दिवशी उतरलो तेच तळ्यात, आणि कोणी सांगितलं नाही!

बुकिंग करत असाल तर क्रुक्वियसला किमान दोन तास पाहिजेत हे आधीच लिहून घ्या. आणि चिवडा जास्त न्या, आमचा तिसऱ्या दिवशी संपला.