कॉलेज रोडचं गेमिंग कॅफे आणि कूलरशेजारचा तो एक टीव्ही

गेल्या तीन महिन्यांत मी या कॅफेत अकरा वेळा गेलो, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवरून आत वळलं की पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद आहे, चपला बाहेर काढाव्या लागतात, आत एसी चांगला गार. भिंतीला लागून पाच-पाच पीसींच्या दोन रांगा. आणि अगदी आत, पाण्याच्या कूलरशेजारी, एक टीव्ही, एक प्लेस्टेशन ५ आणि दोन खुर्च्या. मला मुख्यतः त्या दोन खुर्च्यांबद्दल सांगायचंय.

पीसींचं आधी उरकतो. मॉनिटर १४४ हर्ट्झचे, हेडफोन धड, माऊस सगळे एकाच जातीचे, तासाला ६० रुपये. माझा भाचा अकरावीत आहे, तो चार मित्रांसोबत इथे व्हॅलोरंट हा शूटर, म्हणजे बंदुकांचा गेम, खेळतो. सर्व्हर मुंबईचा, त्यामुळे पिंगची, म्हणजे इंटरनेटवरून होणाऱ्या उशिराची, तक्रार नाही. शनिवारी संध्याकाळी दहाच्या दहा पीसी भरलेले असतात, नंबर लावावा लागतो. आधी फोन करून जा.

टीव्हीचा दर दोघांत मिळून तासाला १०० रुपये. तिथे टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ आहेत, दोघांनी समोरासमोर मारामारी करायचे फायटिंग गेम. पहिल्या शनिवारी भाच्याला सोडायला म्हणून गेलो, हा टीव्ही दिसला आणि तिथेच बसलो. दोन तासांत दुसऱ्या खुर्चीवर कोणी आलं नाही. मधे भाच्याची मॅच संपली, तो पाणी प्यायला आला, थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, हा गेम कोणीच का खेळत नाही?"

त्याला त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

मी नाशिक रोडला वाढलो. बिटको चौकाच्या आसपास तेव्हा व्हिडिओ गेमची पार्लरं होती. एका खोलीत चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, आणि त्यातल्या तीनवर टेकन ३. नियम एकच: हरला तो उठला. दहा रुपयांत कधी पाच मिनिटं बसायला मिळायचं, कधी पाऊण तास. उरलेला वेळ खुर्चीमागे उभं राहून बघायचं. एडी नावाचं पात्र घ्यायचं आणि लाथांची दोन बटणं दाबत सुटायचं, सगळ्यांची सुरुवात तशीच व्हायची. तिथे पॉल हे पात्र खेळणारा एक मोठा मुलगा होता. त्याने मला सलग आठवडाभर हरवलं आणि मग एका संध्याकाळी स्वतःच म्हणाला, "मागे धर (म्हणजे अडव). मी लाथ मारली की मग मार." त्या दोन वाक्यांनी मला हा खेळ दिसायला लागला. तोपर्यंत मी फक्त रिमोट हलवत होतो.

आता भाच्याचं ऐका. दुसऱ्या शनिवारी त्याला आग्रहाने शेजारी बसवलं. टेकन ८. चौदा मॅच झाल्या, चौदाही मी जिंकलो. मी मुद्दाम हळू खेळत होतो तरीही. त्याने रिमोट खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की व्हॅलोरंटमध्ये पहिल्याच दिवशी त्याला तीन किल मिळाले होते आणि त्याची टीम जिंकली होती. मला उत्तराचा अर्धा भाग तिथेच मिळाला.

व्हॅलोरंटमध्ये एका बाजूला पाच जण. तेरा राऊंड आधी जिंकेल ती टीम जिंकली. नवखा मुलगा बारा राऊंडमध्ये काही न करता मरतो आणि तेराव्यात दाराआड उभा असताना समोर कोणीतरी येतं, गोळी लागते. ती एक गोळी त्याला पुढच्या शनिवारी परत आणते. हरला तरी हार पाच जणांत वाटली जाते, जिंकला तर जिंकलेल्यांत त्याचंही नाव असतं. टेकनमध्ये वाटून घ्यायला कोणी नाही. समोरचा तुमच्याहून थोडासाच चांगला असला, तरी तुम्हाला एकही राऊंड मिळत नाही. नशीब जवळजवळ कामाला येत नाही.

माझे आजोबा पंचवटीत तालमीला जायचे. ते सांगायचे, नवीन पोराला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्ती लावू देत नाही. आधी माती उकरायची, मग जोर-बैठका, मग एखादा जुना पैलवान त्याच्याशी हलक्या हाताने खेळणार, एक डाव मुद्दाम लागू देणार. कबड्डीचं तसं नसतं. सात जणांत आठवा नवा पोरगा बदली म्हणून घुसवता येतो, कोपऱ्यात उभा राहूनही तो शिकतो. शूटर ही कबड्डी आहे. फायटिंग गेम ही कुस्ती आहे, आणि घरी एकट्याने इंटरनेटवर खेळणाऱ्या पोराला वस्ताद नाही.

यातलं अवघडपण नेमकं कुठे आहे तेही सांगतो, कारण लोक नुसतं "कठीण आहे" म्हणून सोडून देतात. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे, मोजमाप हेच माझं काम. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.६७ मिलिसेकंदांची. टेकनमधला सर्वांत जलद साधा ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. तो बघून अडवणं माणसाच्या हाताला जमत नाही. तो येणार हे आधीच ओळखावं लागतं. ओळखायचं तर समोरच्याकडे काय काय आहे हे माहीत हवं. टेकन ८ आला तेव्हा त्यात ३२ पात्रं होती आणि एकेका पात्राचे शंभराच्या आसपास डाव. शूटरमध्ये माऊस नेला, बटण दाबलं, गोळी गेली. बंदूक बदलली तरी हाताची सवय तीच राहते. व्हॅलोरंटचा मुलगा उद्या काउंटर-स्ट्राइकला बसला तर अर्धं काम झालेलं असतं. टेकनमध्ये पॉल सोडून किंग घेतला की पुन्हा पहिलीच्या वर्गात.

पैशाचा भागही आहेच. व्हॅलोरंट २०२० पासून फुकट आहे, काउंटर-स्ट्राइक २०१८ पासून फुकट. बीजीएमआय, म्हणजे भारतातला पबजी, तर फोनवर. आपल्याकडच्या बहुतेक पोरांचा पहिला गेम फोनवरचाच असतो, आणि पुढे-खाली-तिरकं असं अंगठ्याने काचेवर घासून डाव लागत नाही. फायटिंग गेम आधी हजारो रुपयांना विकत घ्यायचा, वर दर वर्षी नव्या पात्रांचे वेगळे पैसे. सोळा वर्षांचा मुलगा घरी कुठल्या तोंडाने मागेल?

आणि इंटरनेट. पूर्वीच्या पद्धतीत दोघांची बटणं एकमेकांकडे पोचेपर्यंत गेम थांबायचा, त्यामुळे लांबच्या माणसाशी खेळताना पाण्यात हात हलवल्यासारखं व्हायचं. समोरच्याने काय दाबलं असेल ते गृहीत धरून पुढे जायचं, चुकलं तर क्षणात मागे येऊन दुरुस्त करायचं, ही रोलबॅकची पद्धत टोनी कॅनन यांनी २००६ च्या सुमाराला जीजीपीओ या नावाने तयार केली. मोठ्या कंपन्यांनी ती नीट मनावर घ्यायला दहा-पंधरा वर्षं लावली. त्याच काळात पोरं शूटरकडे गेली आणि तिथेच रमली. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पार्लरं बंद होत होती त्याच वर्षांत घरबसल्या चांगला सामना मिळाला असता तर आमच्या पिढीतले निम्मे तरी टिकले असते.

म्हणून मला हे कॅफे महत्त्वाचं वाटतं. शेजारी माणूस बसलेला असला की रोलबॅक लागत नाही आणि वस्तादही मिळतो.

आता तक्रारी. पहिल्या दिवशी मला टीव्हीवर सगळं उशिरा होतंय असं वाटलं. बटण दाबलं की ठोसा किंचित मागून. रिमोटचा दोष नव्हता. टीव्ही साध्या मोडवर होता, आणि असे टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतात. सेटिंगमध्ये जाऊन "गेम मोड" लावायला काउंटरवरच्या दादाला सांगितलं, त्याने लगेच लावला. फरक त्यालाही जाणवला. पण पुढच्या आठवड्यात कोणीतरी सिनेमा बघून परत बदललेला. तुम्ही गेलात तर बसण्याआधी हे तपासा. दुसरं, काळ्या रिमोटचं डावं वरचं बटण अडकतं. दोनदा सांगून झालं, अजून तोच आहे, पांढरा मागून घ्या. तिसरं, नंतर आलेली पात्रं विकत घेतलेली नाहीत. चौथं, खाली दुचाकी लावायला जागा मिळत नाही, मी थेट पुढच्या गल्लीत लावतो.

सगळ्यात मोठी तक्रार होती बसायची. दोनच खुर्च्या, आणि मागे कोणी उभं राहिलं की "खेळायचं आहे का?" अशी विचारणा. फायटिंग गेम माणूस मागे उभा राहूनच शिकतो. शिवाय बघायला याच्याइतका सोपा खेळ नाही: वर दोन पट्ट्या, ज्याची आधी संपली तो हरला. शूटर मागून बघणाऱ्याला कोण कुठून मेलं तेच कळत नाही. मी मालकांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दोन दिवसांनी तिथे लाकडी बाकडं आलं. शनिवारी सहा ते आठ माणशी ३० रुपये, हरला तो उठला. हे सहा आठवड्यांपासून सुरू आहे.

पहिल्या शनिवारी आम्ही तिघं होतो. गेल्या शनिवारी नऊ. त्यात इंजिनीअरिंगची एक मुलगी आहे, चुन-ली खेळते. फार काही करत नाही, पण पाय कधी टाकायचा हे तिला बरोबर कळतं, खालच्या एका साध्या लाथेवर तिने आम्हाला सगळ्यांना उठवलं. मग तिच्याकडून हरलेल्या आठवीतल्या मुलाला तिने थांबवून दाखवलं, "मी लाथ मारून पाय मागे घेते ना, तेव्हा मार." बाकड्यावर बसून मी हे ऐकलं आणि मला बिटको चौकातला तो पॉलवाला आठवला.

भाच्याबद्दल राहिलं. त्याला मी टेकन सोडून स्ट्रीट फायटर ६ वर बसवलं. २०२३ च्या या गेममध्ये "मॉडर्न" नावाची सोपी पद्धत आहे. हादोकेनसाठी, म्हणजे हातातून सुटणाऱ्या गोळ्यासाठी, खाली, तिरकं, पुढे असा पाव वर्तुळाचा फेरा मारावा लागत नाही, एका बटणावर निघतो. बदल्यात त्याचा मार थोडा कमी लागतो. जुने खेळाडू यावर नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. बोटांची कसरत शिकण्यात जे सहा महिने जातात त्यात पोरं निघून जातात, आणि खेळाचा खरा गाभा, समोरच्याचं मन ओळखणं, त्यांना दिसतच नाही. भाच्याने केन घेतला. तिसऱ्या शनिवारी मी सवयीने शोर्युकेन, म्हणजे उडी घेत मारायचा ठोसा, मारला, त्याने अडवला, मी हवेतून खाली येईपर्यंत थांबला आणि मग पूर्ण कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची साखळी, लावला. माझी पट्टी अर्धी गेली. तो टीव्हीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. "मामा, मला माहीत होतं तू तेच करणार."

वयाचं कोणी मनात आणत असेल तर सांगतो: २०२३ च्या हांगचौ एशियाडमध्ये स्ट्रीट फायटर ५ हा पदकाचा खेळ होता, आपले दोन खेळाडूही उतरले होते. सुवर्ण मिळालं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. आणि टेकन ७ ची जपान आणि लास व्हेगास अशी दोन्ही ठिकाणची ईव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा २०१९ मध्ये एकाच वर्षी जिंकणारा अर्सलान ऍश लाहोरचा आहे. लाहोरच्या पोराने केलं, मग नाशिकला काय कमी आहे?

माझ्याकडून साडेचार तारे. काळा रिमोट दुरुस्त झाला की उरलेला अर्धा देईन. चहा खालच्या टपरीवरून वर येतो, दहा रुपये, आलं भरपूर. भाचा अजूनही शनिवारी आधी एक तास मित्रांसोबत व्हॅलोरंट खेळतो, मग बाकड्यावर येतो, मागच्या वेळी त्यातले दोघं त्याच्या मागून आले. मी सहा वाजल्यापासून असतो. खेळता येत नसलं तरी या, सुरुवातीच्या पाच मॅच मी हळू खेळेन आणि काय चुकलं ते सांगेन.