एम.एस्सी.: बायोकेमिस्ट्री की बायोटेक?

दोन्हीकडे दोन वर्षंच जातात, पण हात वेगळ्या कामाला बसतो. बायोकेमिस्ट्रीत एन्झाइम कायनेटिक्स (एन्झाइम किती वेगाने काम करतं ते मोजणं), एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), प्रोटीन शुद्ध करणं: कॉलममधून थेंब थेंब गोळा करायचं आणि प्रोटीन कुठे आहे ते कळायला प्रत्येक नळीचं 280 नॅनोमीटरच्या प्रकाशात रीडिंग घ्यायचं. कंटाळवाणं खरं, पण औषध कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात मुलाखतीला हेच विचारतात. बायोटेकचा भर जीन क्लोनिंग, सेल कल्चर (पेशी लॅबमध्ये वाढवणं), फर्मेंटेशनवर. लस आणि बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखीच औषधं) बनवणाऱ्यांकडे त्याला भाव. शिवाय डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) अनुदानित जागा गॅट-बी या प्रवेश परीक्षेतून मिळतात, त्यांना स्टायपेंडही असतो. सीएसआयआर-नेट या पीएचडी फेलोशिप आणि प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर मात्र दोघांना एकच. पीएचडी करायचीच नसेल, तर मी बायोकेमिस्ट्री घेईन. आणि हो, प्रवेशाआधी लॅबमध्ये डोकावा. काही ठिकाणी एचपीएलसी फक्त तपासणी समितीपुरतं चालू होतं.