पोर्चमधले ऑइलचे डाग : नऊ महिन्यांनंतर काय टिकलं, काय फेकून दिलं

संक्रांतीनंतर सुरू केलेलं हे काम गणपती झाल्यावर संपलं असं म्हणता येईल, म्हणून आता लिहिते. घर बेळगावात अनगोळला, जुनं. पुढं पोर्च, त्यात सिमेंटचा कोबा, कडेनं शहाबादी फरशी आणि बाजूच्या बोळातून गेलं की मागं विहीर. गाडी चौदा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, माझी रोजची खानापूरची ये-जा तिच्यावरच. दोन वर्षांत गाडीखाली ताटलीएवढा काळा डाग पडला होता. मी तो चालवून घेतला, कारण गाडी उभी केली की दिसत नाही.

मग वर्षाच्या तिखटासाठी संकेश्वरी मिरची आणली. दरवर्षी ती पोर्चमध्येच वाळते. यंदा पसरायला गेले तर चटईखालून ऑइलचा वास. त्याहून मोठी भीती विहिरीची. राकसकोप धरणाचं पाणी नळाला येतं, पण भांडी, धुणं, झाडं सगळं विहिरीवर, आणि उन्हाळ्यात शेजारची दोन घरंही आमच्याच विहिरीवर येतात. आदल्या पावसाळ्यात पोर्चचं पाणी बोळातून मागं वाहताना त्याच्यावर मोरपंखी तवंग मी स्वतः पाहिला होता.

पहिल्यांदा शेजारच्यांनी सांगितलं म्हणून रॉकेल ओतून घासलं. ही चूक कुणी करू नये. रॉकेलनं ऑइल पातळ होतं आणि पातळ झालेलं ऑइल कोब्यात आणखी खोल उतरतं. ताटलीचा डाग परातीएवढा झाला, शिवाय बंद पोर्चमध्ये रॉकेलची वाफ कोंडली ती वेगळीच. नंतर गवंड्यानं संडास धुवायचं ॲसिड सुचवलं. ॲसिड ऑइलला काहीच करत नाही, ते सिमेंट खातं. शहाबादी तर चुनखडीचाच दगड. पायरीवर थेंब उडाले तिथं फेस आला आणि पांढरे, खरखरीत चट्टे कायमचे राहिले. दुकानातून आणलेल्या क्लीनरच्या बाटलीनं वरचा चिकटपणा गेला, काळेपणा तसाच.

मी चौथ्यांदा घासत बसलेली बघून मामंजी म्हणाले, "अगं, डाग कशाला घासालीस? वरनं टपकालंय ते आधी बघ की." नऊ महिन्यांतला सगळ्यात कामाचा सल्ला हाच होता.

पहिल्या गॅरेजमध्ये इंजिनखालच्या ऑइल चेंबरच्या ड्रेन नटचा वॉशर बदलून दिला. आठवड्यात पुन्हा थेंब. उद्यमबागजवळच्या दुसऱ्या मिस्त्रींनी मात्र घाई केली नाही. थंड इंजिन डिझेल-ब्रशनं धुतलं, हवा मारून कोरडं केलं, वरून साधी टाल्कम पावडर भुरभुरली आणि मला देसूरपर्यंत जाऊन यायला सांगितलं. परत आल्यावर बॉनेट उघडलं तर पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ स्पष्ट. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघून इंजिनच्या पाठीवरून खाली चेंबरपर्यंत. "ताई, गळालंय वर आणि दिसालंय खाली," ते म्हणाले. ऑइल उतारानं खाली येतं, गाडी चालताना वारा ते मागं ढकलतो, त्यामुळं थेंब जिथं पडतो त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. त्या कव्हरखालच्या पॅकिंगचं रबर उष्णतेनं कडक होऊन प्लास्टिकसारखं झालं होतं, वाकवलं तर कट्कन मोडलं. ब्रीदरचा पाइपही काजळीनं चोंदला होता. इंजिनातला वायू बाहेर पडायला वाट नसली की आत दाब वाढतो आणि तो ऑइलला जिथं कमजोर जागा मिळेल तिथून ढकलतो. नुसतं नवं पॅकिंग टाकून पाइप तसाच ठेवला असता तर वर्षभरात पुन्हा तेच. पॅकिंग, सफाई, मजुरी धरून सातशे रुपये गेले. दोन वर्षं मी जे ऑइल वरचेवर भरत होते त्याचा हिशेब केला तर हे काहीच नव्हतं, आणि ती गोष्ट मला अजून लागते.

गळती थांबल्यावरच डागाकडं वळले. इथं एक गोष्ट उशिरा कळली. स्वयंपाकाच्या तेलाचा डाग धुण्याच्या सोड्यानं निघतो, कारण त्या तेलाचा सोड्याशी साबण होतो. इंजिन ऑइल खनिज तेलाचं, त्याचा साबण होत नाही. सोडा फक्त डिटर्जंटला मदत करतो. म्हणजे कोब्याच्या छिद्रांत बसलेलं ऑइल धुऊन नाही, शोषून वर काढावं लागतं.

शोषायला काय काय वापरलं ते सांगते. खानापूरच्या गिरणीतलं भाताचं तूस फुकट मिळालं, पण कच्चं तूस गुळगुळीत असतं, ऑइल फारसं पीत नाही. तेच जळालेलं तूस चांगलं पितं, मात्र त्याची काळी पूड सगळ्या घरात पायांनी फिरली. शेजारचे काका उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. साच्याच्या वाळूत घालतात ते बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती, त्यांनी पिशवीभर आणून दिलं. कोरडं असताना ताज्या सांडलेल्या ऑइलवर उत्तम. पण जूनच्या पहिल्या झडीत पोर्चमध्ये पाणी आलं आणि ते फुगून शेवाळासारखं निसरडं झालं. मामंजींचा पाय सरकला, सुदैवानं खांबाला धरलं. त्याच दिवशी ते बंद केलं.

टिकली ती मुलतानी माती. किराण्याच्या दुकानात सुटी मिळते. चार वाट्या माती, अर्धी वाटी धुण्याचा सोडा, दोन चमचे भांड्याचा लिक्विड साबण आणि कढत पाणी घालून थालीपीठाच्या पिठाइतकं मळायचं. डागावर बोटभर जाड थापायचं, डागाच्या बाहेरही चार बोटं. वरून प्लास्टिकचा कागद, कडा विटांनी दाबून एक रात्र. सकाळी कागद काढायचा आणि माती पूर्ण वाळू द्यायची. खरं काम या वाळण्यातच होतं. मातीची छिद्रं कोब्याच्या छिद्रांपेक्षा बारीक, त्यामुळं वाळताना ओल वर येते आणि आतलं सैल झालेलं ऑइल मातीत चढतं. मी पहिल्यांदा अधीर होऊन ओली मातीच पाण्यानं धुऊन टाकली, सगळं वाया गेलं. वाळून भेगा पडल्या की जुन्या उलथन्यानं खरवडायचं आणि झाडून डब्यात भरायचं. हातात रबरी मोजे हवेतच, सोड्यानं कातडी सोलते. तारेचा ब्रश नको, कोब्याचा गुळगुळीत थर जातो आणि पुढचं ऑइल आणखी पटकन शिरतं.

पहिल्या लेपाची माती कॉफीसारखी निघाली, दुसऱ्याची गव्हाळ, चौथ्याची जवळजवळ मूळ रंगाची. तिथं थांबले. एकूण सहा आठवडे, दर रविवार-सोमवार, मध्ये दोन आठवडे लग्नसराईत गेले. आज कोरड्या कोब्यावर डाग दिसत नाही, पाणी मारलं की राखाडी सावली दिसते. शहाबादीच्या सांध्यांत मात्र काळेपणा राहिलाय. तिथं सिमेंट उकरून पुन्हा भरण्याशिवाय इलाज नाही असं माझं मत झालंय.

गाडी अगदी कोरडी झालीय असंही नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या ऑइल सीलमधून आठवड्याला एक-दोन थेंब येतात. त्यासाठी ट्रे केला. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा उभा कापून सपाट केला, कडा दुमडून ठोकल्या, आत बोटभर लाकडाचा भुसा. आधी पुठ्ठा ठेवत होते, तो भिजून फरशीलाच चिकटायचा. चाकापुढं दोन विटा ठेवल्यात, म्हणजे गाडी रोज त्याच जागी थांबते आणि थेंब ट्रेतच पडतो. भुसा पांढरट असल्यानं थेंब मोजता येतात. थेंब वाढले तर मला आठवड्याच्या आत कळेल. तपकिरी-काळा असेल तर इंजिन ऑइल, हिरवट किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, आणि एसी लावल्यावर पडणारं स्वच्छ पाणी असेल तर काळजीचं काही नाही. चाकाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत पातळ द्रव दिसला तर मात्र गाडी हलवू नये, तो ब्रेक ऑइल असू शकतो.

ऑइल प्यालेला भुसा आणि माती मामंजींना बंबात घालायची होती. मी घालू दिली नाही. तो धूर घरातच फिरतो आणि ती राख आमच्याकडं झाडांना जाते. झाकणाच्या डब्यात साठवून ऑइल बदलायला जाते तेव्हा मिस्त्रींकडं देते. त्यांच्याकडं जुनं ऑइल गोळा करणारा येतो, भुसाही तोच नेतो.

यंदाच्या पावसात बोळातून विहिरीकडं जाणाऱ्या पाण्यावर रोज नजर ठेवली. जुलैअखेरपर्यंत तवंग दिसला नाही, ऑगस्टमध्ये एकदा पुसट दिसला. ट्रे वाऱ्यानं सरकला होता, तेव्हापासून त्यात एक फरशीचा तुकडा ठेवलाय. परवा भुसा बदलला, तीन आठवड्यांत पाच थेंब होते. सीलचं काम आत्ता करत नाही, कारण त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. क्लच जड लागायला लागलाय. तो करताना गिअरबॉक्स उतरणारच, तेव्हाच सीलही बदलून घ्यायचं मिस्त्रींशी ठरलंय.